उद्यमबागेतलं मशीन शॉप : मोटारी-कॉम्प्रेसर बदलले तर वीज कंपनी पैसे देते का?

अनगोळचा_लेथवाला
सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं लहान मशीन शॉप आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलेलं. आता चार सीएनसी, तेच दोन जुने लेथ, एक रेडियल ड्रिल, एक ग्राइंडर आणि कोपऱ्यात १५ एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर. पंप-व्हॉल्व्हच्या कास्टिंगचं मशिनिंग करतो. माणसं नऊ. कनेक्शन एलटी (कमी दाबाचं), मंजूर लोड ६० एचपी.

गेल्या आठवड्यात एक जण आला. गळ्यात कार्ड, हातात फाईल, "एनर्जी कन्सल्टंट" म्हणाला. शॉपमधून एक चक्कर मारली, मीटरकडे बघितलंसुद्धा नाही, आणि टेबलावर बसून सांगितलं : सगळ्या मोटारी आयई-३ (कमी वीज खाणाऱ्या दर्जाच्या) करा, कॉम्प्रेसर व्हीएफडीचा (गरजेप्रमाणे वेग बदलणारा) घ्या, ४० टक्के वीज वाचेल आणि निम्मा खर्च वीज कंपनी देईल. "इन्सेंटिव्ह स्कीम आहे साहेब." कोटेशन ११ लाख ६० हजार. त्याआधी २५ हजार रजिस्ट्रेशनचे.

स्कीमचा कागद दाखवा म्हटलं तर फाईलमधून अमेरिकेतल्या कुठल्या तरी वीज कंपनीची प्रिंट काढली. मोटारीला एवढे डॉलर, दिव्याला एवढे डॉलर असा तक्ता. मी म्हटलं हे तिकडचं झालं. तर म्हणे, इथंपण तसंच आहे, नाव फक्त वेगळं.

वीज ऑफिसात जाऊन विचारून आलो. मोटार बदलण्यासाठी कंपनी पैसे देते का, असं मी माझ्या दहावीपर्यंतच्या कन्नडमध्ये विचारलं. खिडकीतल्या बाईंना वाटलं मला सोलर पाहिजे. त्यांनी चांगलं समजावून सांगितलं खरं, सगळं सोलरचं. मी थँक्यू म्हणून बाहेर आलो.

गेल्या महिन्याचं बिल समोर आहे. युनिट ५,२४०. पॉवर फॅक्टर ०.७८, त्याचे दंडाचे ११०० रुपये. निगदित शुल्क (फिक्स चार्ज), कर, सगळं धरून ४८ हजारांच्या घरात. वडील म्हणतात, बिल काय नेहमीचंच आहे, कामाकडे बघ. मला मात्र झोप लागंना. अशी स्कीम खरंच आहे का? आणि तिकडे असेल तर आपल्याकडे का नाही?


शहापूर_गल्ली
सोमवार, रात्री १०.३२

पंचवीस हजार देऊ नको एवढं आधी सांगतो. बाकीचं जाणकार सांगतील.

आमच्या दुकानात असाच एक जण "पॉवर सेव्हर" लावून गेला होता. प्लगमध्ये बसवायचा पांढरा डबा, साडेचार हजारांचा. सहा महिने लुकलुकला. भावानं स्क्रू काढून बघितलं तर आत एक बोटाएवढा कॅपॅसिटर आणि एक हिरवा दिवा.


जुना_मेंटेनन्सवाला
मंगळवार, सकाळी ६.५०

मी फौंड्रीत ३१ वर्षं मेंटेनन्सला होतो, वायरमन म्हणून लागलो. आता घरी आहे, म्हणून सकाळी सकाळी लिहायला वेळ आहे.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही. एलटीवरच्या मशीन शॉपनं मोटार बदलली म्हणून वीज कंपनी इथं चेक देते असं मी बघितलेलं नाही. तो माणूस तुला गंडवालाय.

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. का नाही? कंपनीच्या खुर्चीत बसून विचार कर. तू युनिटचे पूर्ण पैसे देतोस. शेतीच्या पंपाला दहा एचपीपर्यंत वीज फुकट, त्याचे पैसे कंपनीला सरकारकडून यायचे, आणि काही भार तुझ्यासारख्याच्या दरावर पडतो. म्हणजे तू चांगलं गिऱ्हाईक. तू दीड हजार युनिट वाचवलेस तर कंपनीच्या गल्ल्यात तेवढं कमी. कुठला दुकानदार आपल्या चांगल्या गिऱ्हाइकाला म्हणेल की बाबा कमी माल ने, वर मी तुला बक्षीस देतो?

आता उलट बघ. आपल्याच निपाणीत आणि तिकडे ब्याडगीत मिळून शेतकऱ्यांचे जुने पाचशे-सहाशे पंप काढून कमी वीज खाणारे पंप बसवले. आपल्या भागाची वीज कंपनी हेस्कॉम आणि ईईएसएल ही सरकारी कंपनी यांनी मिळून केलं. शेतकऱ्याला खर्च नाही. कशाला केलं? तिथं वाचलेलं युनिट हे फुकट जाणारं युनिट होतं. ते वाचलं तर फायदा कंपनीचा, सरकारचा. घरगुती एलईडी बल्ब बिलाच्या काउंटरवर स्वस्तात मिळाले, त्याच्यामागेही हेच. संध्याकाळी सातला सगळं गाव एकदम दिवा लावतं, तेव्हाची वीज कंपनीला सगळ्यात महाग पडते.

उलटीसुद्धा गंमत आहे. मध्यंतरी एचटीवाल्यांना (जास्त दाबाच्या मोठ्या गिऱ्हाइकांना) अशी सवलत होती की तुमच्या नेहमीच्या वापरापेक्षा जास्त वीज वापरा, वाढीव युनिटला दर कमी. म्हणजे इन्सेंटिव्ह आहे, खरं जास्त जाळायला! राज्यात वीज जास्त झाली, मोठी गिऱ्हाइकं बाहेरून वीज घ्यायला लागली, त्यांना धरून ठेवायचं होतं. कंपनी वाईट आहे असं नाही. जिथं तिचं दुखतं तिथं ती पैसे लावते.

मग तुझ्याकडे तिचं कुठं दुखतं? तुझ्या बिलावर लिहिलंय की. पॉवर फॅक्टर. तुझी मोटार जी चुंबकाची वीज ओढते आणि परत पाठवते, ती युनिटमध्ये मोजत नाहीत, खरं तिच्यानं त्यांची तार तापते, ट्रान्सफॉर्मर तापतो. म्हणून दंड. आमच्या माहितीत एलटीला ०.८५ च्या खाली प्रत्येक ०.०१ ला युनिटमागे ३ पैसे. तुझे सात पॉइंट खाली, २१ पैसे, गुणिले ५,२४०, झाले ११००. बरोबर जुळतंय बघ. ती चुंबकाची वीज जागेवरच पुरवणारा कॅपॅसिटर नाही, फक्त म्हणून तू वर्षाला तेरा हजार रुपये देतोस. तुझा चालता लोड ३५ किलोवॅट धरला तर ०.७८ वरून ०.९७ ला जायला २० केव्हीएआर (कॅपॅसिटरचं माप) पुरेत. हा तुझा इन्सेंटिव्ह. अर्ज नको, रजिस्ट्रेशन नको, पुढच्या बिलात दिसतो.

साधे कॅपॅसिटर आणून मेन स्विचला कायमचे जोडू नकोस. सुट्टीदिवशी मशीन बंद आणि कॅपॅसिटर चालू, मग पॉवर फॅक्टर दुसऱ्या बाजूला पळतो. आपोआप चढणारं-उतरणारं पॅनल घे.

मोटारींचं ऐक. दहा एचपीची चार पोलची मोटार घे. आयई-१ ची कार्यक्षमता ८६ टक्के, आयई-३ ची ९०.४. पूर्ण लोडवर चालली तर तासाला साधारण ०.४२ युनिटचा फरक. वर्षाला सहा हजार तास चालणाऱ्या पंपावर अडीच हजार युनिट वाचतात, तिथं घे, डोळे झाकून घे. तुझा जुना लेथ दिवसाला किती चालतो? तीन तास? मग सव्वाचारशे युनिटसुद्धा वाचणार नाहीत, कारण तो पूर्ण लोडवरही नसतो. जळाली की रिवाइंड करण्याऐवजी त्या वेळी नवी आयई-३ घे. चांगली मोटार काढून टाकू नकोस.

कॉम्प्रेसर. इथं मात्र थांब. तुझ्या शॉपमध्ये सगळ्यात जास्त पैसा हवेतून जातो, हे मी तुझं शॉप न बघता सांगतो. सुट्टीदिवशी, सगळी मशीन बंद, माणूस कुणी नाही, तेव्हा जा. कॉम्प्रेसर चालू कर, मेन कॉक उघडा ठेव. हवा कुणीच वापरत नाही, म्हणजे प्रेशर भरलं की तो अनलोड होऊन, म्हणजे हवा भरायचं थांबवून, गप्प बसला पाहिजे. बसणार नाही. मोबाईलवर वेळ लाव : किती सेकंद लोडवर, किती सेकंद अनलोड. असे पाच-सहा फेरे घे. लोडचे सेकंद भागिले दोन्हींची बेरीज, तेवढे टक्के तुझी हवा गळते. आकडा इथं लिही. मग व्हीएफडीचं बोलू.

आता माझी एक फजिती सांगतो, म्हणजे तू ती करणार नाहीस.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा लहान उद्योगांसाठी कार्यक्रम होता, त्यात बेळगावचं फौंड्री क्लस्टर होतं. पुढं युनिडो या संयुक्त राष्ट्रांच्या उद्योग संस्थेच्या प्रकल्पातही कोइमतूर आणि इंदूरच्या जोडीला बेळगाव होतं. त्या काळात ऑडिटवाली पोरं यायची, मीटर लावायची, शिकवायची. आमची इंडक्शन भट्टी टनाला ६८० युनिट खात होती. मी दोन गोष्टी केल्या. रनर-रायझर (कास्टिंगपासून तोडलेले जादा तुकडे) परत भट्टीत टाकायच्या आधी टंबलिंग बॅरलमध्ये फिरवून वाळू झाडायची, कारण वाळूपण वितळते आणि तिचा नुसता स्लॅग होतो. आणि भट्टीचं झाकण. आमचे हेल्पर झाकण उघडंच ठेवायचे, आत बघायला बरं म्हणून. मी झाकणाला साखळी आणि वजन लावलं, आपोआप पडायचं. महिन्याभरात ६१० वर आलो.

मालकांनी बोलावलं. म्हणाले, बिल वाढलंय, तुझी बचत कुठाय? आधीच्या महिन्यात २१० टन ओतलेलं, त्या महिन्यात २६०. ६८० गुणिले २१०, आणि ६१० गुणिले २६०, करून बघ तूच. साडेपंधरा हजारांवर युनिट वाढलेले दिसतात. माझ्याकडे भट्टीचं वेगळं मीटर होतं, खरं आधीच्या महिन्याचे रोजचे आकडे लिहून ठेवलेले नव्हते. ६८० माझ्या डोक्यात होते, कागदावर नव्हते. त्यामुळे पुढची मागितलेली कूलिंग टॉवरची मोटार मिळाली नाही, ते वेगळंच.

त्या दिवसापासून पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला रोज सकाळी सातला मीटरचा आकडा, आणि त्याच्यापुढे कालचे टन. ऑइल पेंटच्या मार्करनं. दार भरलं की थिनरनं पुसायचं, आधी फोटो. तुझ्याकडे टन नाहीत, नग असतील, स्पिंडलचे तास असतील, कायपण चालेल. आजपासून लिही. उद्या बँकेत, सरकारी स्कीममध्ये, कुठंही गेलास तर पहिला प्रश्न हाच येतो : आधी किती होतं?


निपाणी_ते_न्यूजर्सी
मंगळवार, रात्री ९.०५

काकांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. इकडची बाजू सांगतो, कारण तो प्रिंटआउट खोटा नसावा, तो नुसता इथला आहे.

इथं न्यूजर्सीत, एडिसन गावात माझ्या मेहुण्याचं किराणा दुकान आहे. वीज कंपनीच्या कार्यक्रमातून एक माणूस आला, दिवे मोजले, फ्रीजरच्या दारांचे रबर बघितले, पंख्यांच्या मोटारी लिहून घेतल्या. मग कागद आला : एवढं बदला, एवढा वाटा आमचा. त्यानं बदललं. पैसे मिळाले. इथपर्यंत तुमचा कन्सल्टंट बरोबर बोलतोय.

खरं कंपनी काही स्वतःच्या खिशातून देत नाही. इथल्या बिलात "सोसायटल बेनिफिट्स चार्ज" नावाची एक ओळ असते, युनिटमागे थोडे पैसे, प्रत्येक ग्राहकाकडून. त्यातून हे कार्यक्रम चालत आले. शिवाय २०१८ च्या क्लीन एनर्जी ॲक्टनं न्यूजर्सीतल्या वीज कंपन्यांवर सक्तीच केली की ग्राहकांचा वीजवापर वर्षाला २ टक्क्यांनी खाली आणा. आणि वापर कमी झाल्यानं कंपनीचं जे बुडतं ते भरून घ्यायला नियामक परवानगी देतो. कॅलिफोर्नियात तर १९८२ मध्येच कंपनीची कमाई युनिटच्या विक्रीपासून तोडली. कमी विकलं तरी ठरलेलं उत्पन्न मिळतं. काकांचा दुकानदार इथंपण तसाच आहे हो, त्याच्या गल्ल्याची व्यवस्था आधी केली, मग तो बक्षीस द्यायला लागला.

कंपनीचं दुखतं तिथं ती पैसे लावते, याचं इथलं सगळ्यात मोठं उदाहरण शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये आहे. ब्रुकलिन-क्वीन्स भागात वीज कमी पडणार होती. कॉन एडिसनला नवीन सबस्टेशन वगैरे बांधायला सव्वाशे कोटी डॉलरच्या आसपास खर्च येणार होता. २०१४ च्या शेवटी नियामकानं सांगितलं, २० कोटी डॉलर घ्या आणि लोकांचा वापरच कमी करा. मग दुकानांचे, अपार्टमेंटच्या जिन्यांमधले दिवे कंपनीनं बदलून दिले. सबस्टेशन पुढं ढकललं गेलं.

आणि एक. इथं नियम असतो की आधी मंजुरी, मग खरेदी. आधी बिल फाडलंत तर एक डॉलर मिळत नाही. नंतर माणूस येऊन जुनी वस्तू काढली का, नवी लागली का, ते बघून जातो. तुमच्या त्या साहेबांनी पहिला कागद कोटेशनचा दिला आणि पहिला पैसा स्वतःसाठी मागितला. त्यांच्या मूळ प्रिंटमध्येच बारीक अक्षरात याच्या उलट लिहिलेलं असणार.

काका, निपाणीचे पंप आमच्या चुलत्यांच्या मळ्याशेजारी बसले होते. तेव्हा आम्हाला वाटलेलं मोफत पंप म्हणजे निवडणूक जवळ आली.


शिरोली_नाका
मंगळवार, रात्री १०.४०

आमच्या इकडे कोल्हापुरात स्वर्ग आहे असं तुम्हा बेळगावकरांना वाटत असेल तर गैरसमज काढा. एक काळ होता, पॉवर फॅक्टर १ ठेवला तर महावितरणच्या बिलात टक्क्यांनी सूट मिळायची. आमच्या फौंड्रीत पॉवर फॅक्टरवर मॅनेजर देवासारखी फुलं वाहायचा. १ एप्रिल २०२० पासून एचटीला केव्हीएएचवर (म्हणजे चुंबकाची वीजपण धरून) बिल सुरू झालं, सूट गेली, दंडपण गेला. म्हणजे पॉवर फॅक्टर आता थेट युनिटमध्येच मिसळलाय. चांगला ठेवला तर युनिट कमी, बस्स.

ज्याला खरं वीज कंपनीचं इन्सेंटिव्ह म्हणता येईल ते आपल्याकडे मुंबईत झालं. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाचे मागणी व्यवस्थापनाचे नियम २०१० सालीच आले. टाटा पॉवरनं जुना पंखा द्या, जुना एसी द्या, पाच स्टारचा सवलतीत घ्या, असं केलं. तिथं एसी किती, जागा किती, नवीन केबल टाकायची म्हणजे रस्ता खणायचा, त्यामुळे त्यांना परवडतं. कोल्हापूर-बेळगावला कोण विचारतंय.

इचलकरंजीत २०१७ ला साथी योजना आली, माग आणि मोटारी बदलायची, वस्त्रोद्योग मंत्रालय आणि ईईएसएलची. वर्कशॉप झाली, चहा-बिस्कीट झालं. आमच्या पाहुण्यांनी फॉर्म भरला होता. माग अजून तोच आहे, तो आजोबांच्या नावानं ओळखला जातो.

अनगोळवाल्या भावा, हवा मोजच. आमच्याकडे मोजली तेव्हा मॅनेजर दोन दिवस बोलला नाही.


खासबाग_तीन_माग
बुधवार, दुपारी २.२०

मी बाई माणूस, यातलं फारसं कळत नाही म्हणून गप्प वाचत होते. एक सांगू का दादा? आम्हाला एक इन्सेंटिव्ह आहे, कुणी त्याला तसं म्हणत नाही.

आमच्या घरात तीन माग. दहा एचपीच्या आतल्या विणकरांना २०२३ पासून महिन्याला २५० युनिट फुकट. आधी सव्वा रुपया युनिट होता तेव्हा कोण बघतंय मीटरकडे. आता फुकट झाल्यावर लोक जास्त वापरतील असं सगळे म्हणत होते. आमच्यात उलटं झालं. २५० च्या आत बसलं तर पाच पैसे द्यायचे नाहीत, वर गेलं की पैसे. मग आमचे हे दर रविवारी मीटर बघायला लागले. वीस तारखेला २०० झाले की घरात बोलणी सुरू. मागावरच्या जुन्या ट्यूब काढून एलईडी लावल्या. दांड्याला तेल वेळेवर. पट्टा फार ताणलेला होता तो सैल केला. जेवायला उठलं की मोटार बंद, आधी ती तशीच फिरत राहायची. आता २४० ला थांबतो.

ज्यांचे बारा माग आहेत ते मात्र काही बघत नाहीत. त्यांचं तेवढ्यात बसतच नाही, मग कशाला.


संकेश्वर_गुऱ्हाळ
बुधवार, सायंकाळी ५.४५

आमच्याकडे हेस्कॉमपण नाही, हुक्केरीची सहकारी वीज संस्था आहे, १९६९ पासूनची. देशात अशा फार थोड्या उरल्यात. सभासद आपण, मालक आपण. आता काकांचं आणि अक्कांचं वाचून वाटालंय, पुढच्या वार्षिक सभेत कॅपॅसिटरचा विषय काढावा. जेवणाआधी काढला तर बोलू देतील.


टिळकवाडी_हिशेबनीस
बुधवार, रात्री ८.१०

वीज कंपनीकडून नाही, पण केंद्राच्या वीज मंत्रालयाकडून एक गोष्ट आहे, ती तुमच्या कन्सल्टंटनं सांगायला हवी होती. तिचं नाव अडीटी (इंग्रजीत ADEETIE). १५ जुलै २०२५ ला पानिपतमध्ये सुरू झाली. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो चालवतं. १००० कोटींची तरतूद, २०२७-२८ पर्यंत. यात हातात रक्कम मिळत नाही, कर्जाच्या व्याजात सवलत मिळते : सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ५ टक्के, मध्यमला ३ टक्के. कर्ज १० लाखांपासून पुढे. अट अशी की बदलानंतर निदान १० टक्के ऊर्जा वाचली पाहिजे, आणि ते मोजून दाखवायला लागतं. जुन्या मेंटेनन्सवाल्या काकांचं पॅनलचं दार इथं कामाला येतं बघा.

मात्र एक अडचण. योजनेत १४ क्षेत्रं आहेत, त्यात फौंड्री आहे, फोर्जिंग आहे, कापड आहे. तुमचं मशीन शॉप. तुमच्या उद्यम प्रमाणपत्रात कामाचा प्रकार काय लिहिलाय ते आधी बघा, आणि जिल्हा उद्योग केंद्रात तो कागद घेऊन जा. त्यात बसत नसेल तर ज्या फौंड्रीचं काम करता ती बसते का, हा विचार करा. तुमचा आणि त्यांचा कॉम्प्रेसर एकाच गल्लीत असेल.

आता हिशेब. ११ लाख ६० हजार पूर्ण कर्जानं घेतले असं धरा. ५ टक्के म्हणजे पहिल्या वर्षी ५८ हजारांच्या आसपास व्याज वाचेल, पुढे मुद्दल उतरेल तसं कमी. चांगलं आहे. पण त्या साहेबांच्या ४० टक्क्यांऐवजी समजा १५ टक्के वाचले, तर तुमच्या बिलात महिन्याला सात हजार. वर्षाला ८४ हजार. ११ लाख ६० हजार वसूल व्हायला चौदा वर्षांजवळ जातात, तोवर कॉम्प्रेसरचं ओव्हरहॉल दोनदा होईल. व्याज स्वस्त आहे म्हणून नको ती वस्तू घ्यायची नसते, हे मी माझ्या प्रत्येक अशिलाला सांगतो आणि प्रत्येक जण तरी गाडी घेतो.


अनगोळचा_लेथवाला
रविवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. आज सुट्टी होती, सकाळी आठला शॉपमध्ये गेलो. वडील म्हणाले, कशाला चाललास, मी म्हटलं हवा मोजायला. ते पण आले. हवा कशी मोजतात ते बघायला.

काका, पहिला आकडा : लोड ५० सेकंद, अनलोड ७५. म्हणजे ४० टक्के. मी तीनदा मोजलं, मला वाटलं चुकालंय. शॉपमध्ये कुणी नाही, एक मशीन चालू नाही, आणि कॉम्प्रेसर सव्वा मिनिटातच परत गुरगुरतोय. रोज एवढ्या आवाजात ते कधी ऐकूच आलं नव्हतं. आज शांततेत फुस्स फुस्स सगळीकडून ऐकू यायला लागलं. वडिलांना कमी ऐकू येतं, ते हात फिरवून सांगत होते, इथं गार लागतंय.

साबणाचं पाणी आणि ब्रश घेतला. अकरा जागा सापडल्या. सहा क्विक कपलिंगच्या, तीन नंबरच्या मशीनची ब्लो गन, दोन नळीच्या क्लिपा, टाकीखालचा ड्रेन कॉक (तो पूर्ण बंदच होत नव्हता, मध्ये गंज), आणि शेवटची सगळ्यात मोठी. मागच्या भिंतीला एक पाइप जातो, शेवटी एक बॉल व्हॉल्व्ह. तिथं २००९ पर्यंत आमची न्युमॅटिक प्रेस होती. प्रेस विकली, पाइप तसाच. व्हॉल्व्हमधून बोटभर हवा जात होती. प्रेस विकल्यापासून आम्ही त्या भिंतीला हवा पुरवतोय. वडील बराच वेळ त्या पाइपकडे बघत उभे होते. मग म्हणाले, प्रेस चांगल्या किमतीला गेली होती.

तो पाइप हेडरपासून (हवेच्या मुख्य पाइपपासून) काढून प्लग मारला. कपलिंग, कॉक, क्लिपा धरून २,३४० रुपये. परत मोजलं : लोड २० सेकंद, अनलोड १२० सेकंद. १४ टक्के. प्रेशर ७.८ बार होतं, कुणी कधी ठेवलं माहीत नाही, मशीनला सहा पुरतात. साडेसहावर आणलं. एका बारला सहा-सात टक्के वाचतात असं वाचलं, खरं का काका?

त्या कन्सल्टंटचा परवा फोन आला होता. मी म्हटलं, आधीची आणि नंतरची मोजणी कशी करणार ते लिहून द्या, आणि स्कीमचा इथला कागद द्या, मग पंचवीस हजारांचं बोलू. बघतो म्हणाला. नंबर आता लागत नाही.

पॅनलच्या दारावर मंगळवारपासून लिहितोय, युनिट आणि त्याच्यापुढे नग. शुक्रवारी मी हुबळीला गेलो होतो, परत येऊन बघतो तर शुक्रवारचा आकडा होता, वडिलांच्या अक्षरात. नग त्यांनी लिहिले नव्हते, त्याऐवजी "लाईट दोनदा गेली" असं लिहिलं होतं.

कॅपॅसिटर पॅनलची दोन कोटेशनं आलीत, दोन्ही २० केव्हीएआर. एकात सात टक्के रिॲक्टर (कॅपॅसिटरला जपणारी कॉइल) आहे, तो १८ हजारांनी महाग. दुसरा म्हणतो साधा हेवी ड्यूटी चालतो. कुठला घेऊ?


जुना_मेंटेनन्सवाला
सोमवार, सकाळी ६.४०

बारचं खरं आहे.

तुझ्याकडे चार सीएनसी, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त लोड ड्राइव्हवर (मोटारीचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर). ड्राइव्ह वीज खराब करून परत पाठवतो, साधे कॅपॅसिटर वर्षा-दोन वर्षांत फुगतात. रिॲक्टरवाला घे. अठरा हजार कमी करून मागायला लाजू नकोस, आणि पॅनल कुठं बसवतोस तो फोटो टाक, कूलंटच्या टाकीशेजारी नको.

चौदा टक्केपण जास्तच आहेत. दहाच्या आत आण. चार नंबरच्या मशीनचा एअर फिल्टर बघ, त्याच्या खालच्या वाटीतून गळत असणार.

आणि "लाईट दोनदा गेली" पुसू नकोस.